चाकाचा चिखल

कोणतीही वस्तू हातात आली की ते आधी ती उलटी करायचे. बिस्किटाचा पुडा असो, औषधाची पट्टी असो, नाहीतर भेळ बांधून दिलेला पेपरचा तुकडा असो. तारीख सापडली तर वाचायचे, नाही सापडली तर चष्म्यावरून समोरच्याकडे बघून विचारायचे, "कधीचं हाय?" माझ्या दुकानात पहिल्यांदा आले तेव्हा झेरॉक्स राहिली बाजूला, त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडलं, घडी करून माझ्या टेबलावर ठेवलं आणि मग म्हणाले, "जयभीम ताई. दोन कॉप्या काढायच्या हायत."

मला राग आला होता. दुकान माझं, भिंत माझी, कॅलेंडर माझं. पण तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, ज्याच्यावर चिडायला जावं तर तो केव्हाच पुढच्या कामाला लागलेला असतो. मी "रामराम" म्हणाले आणि कॉप्या काढून दिल्या. पुढे कितीतरी वर्षं ते रोज जयभीम म्हणायचे, मी रामराम म्हणायचे, आणि आमचं दोघांचं छान चाललं.

माझं दुकान घोडेगावच्या स्टँडसमोर. झेरॉक्स, लॅमिनेशन आणि सगळ्या प्रकारचे ऑनलाइन फॉर्म. ते समोर स्टँडवर कंट्रोलर होते. खिडकीत बसून कोणती गाडी कुठं लागली आणि कधी सुटणार हे माइकवर सांगायचे. मूळचे जुन्नरकडचे, पिंपळवंडीचे. बायको लवकर गेली, एकच मुलगी, ती त्यांनी इथंच वाढवली. गावात सगळे त्यांना कंट्रोलर म्हणत, निवृत्त झाल्यावरसुद्धा, म्हणून मीही इथं नाव सांगत बसत नाही.

त्यांचं खरं काम पावसाळ्यात दिसायचं. आहुप्याकडे जाणारा रस्ता धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं वर चढतो. एका अंगाला डोंगर, एका अंगाला पाणी. तिकडे तेव्हा एक मुक्कामी गाडी असायची. संध्याकाळी वर जायची, ड्रायव्हर-कंडक्टर वरच झोपायचे आणि सकाळी माणसं घेऊन खाली यायची. ती स्टँडात शिरली की कंट्रोलर खिडकी सोडून बाहेर यायचे. गाडीच्या पुढच्या चाकापाशी वाकायचे आणि मडगार्डच्या आतून बोट फिरवायचे. लाल चिखल किती आहे, पातळ आहे की घट्ट, त्यात बारीक खडे आहेत का, ते बघायचे. खडे लागले की समजायचं, डोंगराची माती रस्त्यावर उतरायला लागली आहे. मग ड्रायव्हरला दोन-तीन प्रश्न विचारायचे, बोट पुसायचे, आणि त्यानंतरच वर जाणारी गाडी सुटायची.

हा नियम कुठल्याही छापील कागदावर नव्हता. "वरून आलेली गाडी बघितल्याबिगर वर गाडी सोडायची नाय," एवढंच ते सांगायचे. एका जूनमध्ये मुक्कामी गाडी नऊ वाजले तरी आली नाही आणि वर जाणाऱ्या गाडीत लग्नाचं वऱ्हाड बसलेलं. नवऱ्याचा मामा खिडकीशी येऊन भांडला, मुहूर्ताची वेळ दाखवली, वरपर्यंत तक्रार करीन म्हणाला. कंट्रोलर हलले नाहीत. पावणेअकराला मुक्कामी गाडी आली. नुसतं पंक्चर झालं होतं, रस्ता अगदी मोकळा होता. अख्खा स्टँड हसला. कंट्रोलरनी मडगार्डमधून बोट फिरवलं, पुसलं आणि म्हणाले, "काय झालं नाय ना? मंग बरं झालं." वऱ्हाड गेलं, लग्न लागलं, मामानं परतताना त्यांना पेढा आणून दिला. तो त्यांनी उलटा करून बघितला.

पुढे ते निवृत्त झाले. लोकांनी मोटारसायकली घेतल्या, माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपा वाढल्या, मुक्कामी गाडीला माणूस मिळेना आणि ती थांबली. ते होणारच होतं. पण त्याच सुमारास त्यांची सुजाता नर्स झाली आणि तिची नेमणूक वरच्या उपकेंद्रावर झाली. रोज सकाळी आठला ती स्टँडच्या कोपऱ्यावरून जीपनं वर जायची, संध्याकाळी खाली यायची. उन्हाळ्या-हिवाळ्यात काही नाही. पाऊस लागला की हे बापाचं काळीज घेऊन साडेसातलाच माझं शटर वर जायची वाट बघत उभे असायचे.

"ताई, वरचं बघा."

धरणाच्या पुढे फोनला रेंज नाही, त्यामुळे वर फोन करून विचारायची सोय नव्हती. मी सर्चमध्ये रस्त्याचं नाव टाकायचे. पहिलीच बातमी यायची, दरड कोसळली, वाहतूक ठप्प, सोबत चिखलात रुतलेल्या जीपचा फोटो. त्यांचा चेहरा पांढरा पडायचा. मग ते विचारायचे, "कधीचं हाय?" आणि मी खाली जाऊन तारीख शोधायचे तर ती तीन पावसाळ्यांपूर्वीची निघायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच बातमी, तोच फोटो. माणूस रोज तोच फोटो बघून रोज तितकाच घाबरायचा, आणि मला त्याचं हसू यायचं. आता त्या हसण्याची लाज वाटते.

एक दिवस सर्चच्या पानाच्या कोपऱ्यात मला काचेच्या चंबूचं चिन्ह दिसलं, शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसला चंबू. दाबलं तर आत नव्या सोयींची यादी. अजून सगळ्यांना दिलेल्या नाहीत, ज्याला करून बघायच्या त्यानं चालू कराव्यात, असं लिहिलेलं. एका सोयीनं ताजे निकाल वर यायचे आणि प्रत्येकापुढे किती मिनिटांपूर्वीचा ते दिसायचं. दुसरी सोय चार ठिकाणचं वाचून आपल्या शब्दांत उत्तर सांगायची. खाली बारीक अक्षरात होतं, की हे प्रायोगिक आहे, चुका होऊ शकतात. कंट्रोलरनी ती ओळ मोठ्यानं वाचली आणि खूश झाले. "खरं बोलतंय. आमच्या टाइमटेबलाखाली पन हे लिवायला पायजे व्हतं."

लगेच विश्वास ठेवणाऱ्यातले ते नव्हते. नवा ड्रायव्हर लाइनवर घेतात तसं त्यांनी त्या चंबूला घेतलं. नव्या ड्रायव्हरला आधी जुन्या ड्रायव्हरसोबत पाठवतात, वळणं माहीत झाली की मगच गाडी एकट्याच्या हातात देतात. हे रोज सकाळी त्याला एक प्रश्न विचारायचे ज्याचं उत्तर त्यांना पाठ होतं. जुन्नरची पहिली गाडी किती वाजता, आळेफाट्याला नाशिककडच्या गाड्या कोणत्या बाजूला थांबतात, काल इथं पाऊस झाला का. चुकलं की म्हणायचे, "अजून कच्चा हाय." जुलै निम्मा होईपर्यंत चुका थांबल्या. एका सकाळी ते म्हणाले, "ताई, झाला पास. आता द्या त्याला लाइन."

सुजाता तेव्हा दुकानातच होती, लशींच्या यादीची झेरॉक्स घ्यायला आलेली. भराभर चालणारी, भराभर बोलणारी पोरगी, पाठीवर आखूड वेणी, हातात कायम लशीचा डबा. ती हसली आणि म्हणाली, "अण्णा, मी काय मुक्कामी गाडी हाय का, रोज चाक तपासायला?" मग माझ्याकडे बघून डोळे मिचकावले, म्हणजे असू दे मावशी, त्यांना बरं वाटतंय.

खरंच बरं वाटत होतं. फक्त एक अडचण होती. चंबूला ताजं सांगायचं तर ताजं कोणीतरी लिहिलेलं पाहिजे, आणि आमच्या डोंगराबद्दल रोज कोण लिहिणार? तेव्हा कंट्रोलरनीच लिहायला सुरुवात केली. सकाळी आणि संध्याकाळी कोपऱ्यावर उभे राहायचे, वरून येणारा दुधाचा टेम्पो किंवा जीप थांबवायचे, वाकून मडगार्डमधून बोट फिरवायचे, दोन प्रश्न विचारायचे आणि माझ्याकडे यायचे. तालुक्यातल्या रस्त्यांची खबर देणारं एक पान होतं, त्यावर मी त्यांचा निरोप टाकायचे. ते सांगायचे, "वरून गाडी आली. रस्ता चालू हाय. चाकाला चिखुल कमी." मी टाइप करायचे, "आहुपे मार्गावरील वाहतूक सुरळीत. वरून आलेल्या वाहनांच्या चाकांना चिखल कमी." माझं मराठी चांगलं आहे असा मला गर्व होता.

लोक ते वाचायला लागले. वरच्या वाड्यांतली मंचरला कामाला असणारी पोरं संध्याकाळी घरी निघण्याआधी ते बघायची. कोणीतरी खाली लिहिलं, कंट्रोलर परत ड्युटीवर आले. ते मी वाचून दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी ते खाकी शर्ट इस्त्री करून घालून आले.

त्या ऑगस्टमध्ये पाऊस सलग पडत होता. आदल्या संध्याकाळी सहाला आम्ही नेहमीचा निरोप टाकला, रस्ता चालू, चिखल कमी, आणि तेव्हा ते खरं होतं. मग रात्रभर जो पाऊस झाला तो मी तरी या गावात पाहिला नव्हता. सकाळी शटर उघडलं तर स्टँडमध्ये गुडघाभर पाणी. कंट्रोलर कोपऱ्यावर उभे होते, छत्री असून भिजलेले. साडेसहाचा दुधाचा टेम्पो आला नव्हता. वरची जीपही आली नव्हती. पावणेआठ झाले तरी वरून एकही चाक खाली उतरलं नव्हतं.

सुजाताला त्या दिवशी जायचंच होतं. वरच्या वाडीत एका बाईचे दिवस भरले होते, पहिलं बाळंतपण, आणि आदल्या दिवशी तिचे पाय सुजलेले सुजातानं पाहिले होते. जीप भरली होती. जीपवाला हॉर्न देत होता. कंट्रोलर म्हणाले, जरा थांब, टेम्पो येऊ दे. ती म्हणाली, टेम्पोवाला पावसाचा घरी बसला असंल, तुमचा चंबू काय म्हणतोय ते तरी बघा.

माझ्या दुकानात तेव्हा अकरावीच्या प्रवेशाची गर्दी होती. शेवटची तारीख, साइट उघडत नव्हती, पालक माझ्या डोक्यावर उभे. कंट्रोलर गर्दीतून वाट काढत आले आणि म्हणाले, "ताई, वरचं बघा." मी एका हातानं फॉर्म सांभाळत दुसऱ्या हातानं चंबू लावला. उत्तर आलं, "आहुपे मार्गावरील वाहतूक सुरळीत आहे. येणाऱ्या वाहनांच्या चाकांना चिखल कमी असल्याचे स्थानिकांकडून समजते."

"कधीचं हाय?"

"वीस मिनिटांपूर्वीचं," मी म्हणाले.

आता जे सांगते ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला ते शब्द ओळखीचे वाटले होते. चाकांच्या चिखलाबद्दल लिहिणारं या अख्ख्या तालुक्यात दुसरं कोण आहे? हा विचार माझ्या डोक्यात आला. तेवढ्यात एका बाईनं तिच्या पोरीचा फोटो अपलोड होत नाही म्हणून माझा दंड धरला, आणि मी तिच्याकडे वळले.

कंट्रोलर दाराकडे वळले. रस्त्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. म्हणाले, "मंग कुनीतरी उतरलं आसंल. आपल्यालाच दिसलं नाय." बाहेर गेले. जीपसमोर उभे राहिले आणि स्टँडवर असताना करायचे तसा हात उंच करून पुढे हलवला. सुजातानं मागच्या काचेतून त्यांना हात केला. मला दुकानातून तेवढंच दिसलं.

वर चढणीला एक जुना हिरडा आहे, त्याच्या वळणावर रस्त्याखालची माती रात्रीच वाहून गेली होती. डांबर वरून तसंच दिसत होतं. दुधाचा टेम्पो त्याच्याही वर, रस्त्यावरून पाणी वाहत होतं म्हणून थांबला होता. जीप वळणावर आली आणि डांबरासकट खाली गेली. मागचे चार जण झाडीत अडकून वाचले. जीपवाला आणि पुढे बसलेली सुजाता पाण्यापर्यंत गेले.

त्या दुपारी दुकानात कोणी नव्हतं. मी तो निकाल पुन्हा उघडला आणि तो कुठून आला ते शोधलं. आमचाच आदल्या संध्याकाळचा निरोप होता. दुसऱ्या एका पानाच्या माणसानं तो सकाळी उचलून आपल्याकडे टाकला होता. लोकांच्या उपयोगी पडेल म्हणूनच टाकला असेल, वाईट हेतू कशाला असेल? पण त्याच्या टाकण्याला सकाळची वेळ लागली होती. चंबूनं ताजी वेळ बघितली आणि आमचंच वाक्य, थोडं अधिक शुद्ध करून, आम्हाला परत दिलं.

वरची ती बाई त्याच दुपारी सुईणीच्या हातून सुखरूप बाळंत झाली. हे कोणीतरी कंट्रोलरना सांगितलं तेव्हा त्यांनी "किती वाजता?" एवढंच विचारलं.

सुजाताच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले होते. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोशेजारी सुजाताचा फोटो, मेणबत्त्या, माणसांनी खोली भरलेली. वंदना चालू असताना ते माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर विचारतील. वंदना संपल्यावर ते मेणबत्त्या सरळ करायला वळले.

आठ-दहा दिवसांनी दुकानात आले. जयभीम म्हणाले नाहीत. मला म्हणाले, ते सगळे निरोप पुसा. मी आमचे सगळे पुसले, एकेक त्यांना दाखवून. दुसऱ्यांनी उचललेले पुसणं माझ्या हातात नाही, हेही सांगितलं. ते स्टुलावर बसले होते, हात गुडघ्यांवर ठेवून.

"ताई, मी कधीचं ते इचारलं. कुनी लिवलं ते इचारलंच नाय."

मी पडद्यावरचं रिकामं पान बंद केलं.

"तुमी वळखलं व्हतं का?"

मी म्हणाले, "नाही, काका."

त्यांनी मान हलवली. माझ्या टेबलावर स्टेपलरच्या पिनांची डबी होती, ती उचलली, उलटी केली, आणि तारीख न बघताच खाली ठेवली. मग निघून गेले. त्यांना खोटं कळलं होतं असं मला वाटतं. कळलं नसेल तर ते अधिक वाईट.

उरलेला पावसाळा ते कोपऱ्यावर उभे राहिले. वर जाणाऱ्या प्रत्येक गाडीसमोर हात आडवा करायचे. जीपवाले आधी दुःख समजून थांबायचे, मग वैतागून हॉर्न द्यायचे, मग बाजूनं काढून निघून जायचे. वरून एखादी गाडी आली की ते वाकायचे, मडगार्डमधून बोट फिरवायचे, ते बोट डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघायचे आणि मगच दुसरा हात खाली करायचे. शाळेतली पोरं त्यांची नक्कल करायची. दिवाळीच्या आधी त्यांनी खोली सोडली. पिंपळवंडीला पुतण्याकडे गेले असं म्हणतात. दुसरं कोणी म्हणालं, त्यांना हिरड्याच्या वळणावर बसलेलं पाहिलं. मी कुणाला नीट विचारलं नाही. माझ्यात तेवढं बळ नव्हतं.

यंदाच्या जुलैत पहिला मोठा पाऊस झाला त्याच्या दुसऱ्या सकाळी मी शटर वर केलं. कोपऱ्यावर जीप भरलेली, इंजिन चालू. वरून गाडी आली का, असं मी दुकानातूनच ओरडून विचारलं. जीपवाला नवा होता. मागे बसलेल्या एका पोरीनं मला तिचा मोबाइल दाखवला, अंगणवाडीत नव्यानं लागली होती ती. म्हणाली, "मावशी, चालू हाय रस्ता. हे बघा, पाच मिनिटांपूर्वीचं हाय."

मी वाचलं. आहुपे मार्गावरील वाहतूक सुरळीत. वाहनांच्या चाकांना चिखल कमी.

मी जीपच्या पुढे जाऊन उभी राहिले. जीपवाल्यानं हॉर्न दिला.

"हे आमचं आहे," मी म्हणाले. "मी लिहिलंय हे, गेल्या वर्षी. उतरा खाली."

ते कुरकुरत एकेक करून उतरले आणि स्टँडच्या छपराखाली जाऊन उभे राहिले. मी कोपऱ्यावर कंट्रोलरच्या जागी उभी राहिले. नऊ वाजून गेले होते आणि वरून अजून एकही गाडी आली नव्हती.